काजूच्या टरफलाच्या तेलाला ईपीडी: खर्च वसूल होतो का?

टरफलवाला (कुडाळ)

मंडळी, सल्ला हवाय. कुडाळ एमआयडीसीत आमचं काजूच्या टरफलाचं तेल काढायचं युनिट आहे. आसपासच्या काजू कारखान्यांतून टरफल उचलतो, एक्सपेलरवर घालतो. तेल टँकरने मुंबईच्या बाजूला जातं, उरलेली पेंड बॉयलरवाले आणि भट्टीवाले नेतात. धंदा छोटा, पण बरा चाललाय.

आमचं निम्म्याहून जास्त तेल एक रेझिन कंपनी घेते. ते त्यातून कार्डानॉल काढतात, त्याचं हार्डनर बनवतात आणि तो माल इपॉक्सी फ्लोअरिंगमधून, जहाजांच्या रंगांतून युरोपात जातो. आता त्यांच्या परचेसवाल्याचं पत्र आलंय: तुमच्या तेलाचं पडताळणी झालेलं ईपीडी, म्हणजे उत्पादनाचं पर्यावरणीय घोषणापत्र, आहे का? नसेल तर निदान त्या दर्जाची आकडेवारी द्या. तीही नसेल तर आम्ही डेटाबेसमधला सरसकट आकडा धरू.

एका सल्लागाराला फोन केला. त्याने सांगितलेली रक्कम ऐकून बाबा म्हणाले, "एवढ्यात जुना एक्सपेलर येतो की!"

आमच्याकडे एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) संमती आहे, आयएसओ १४००१ आहे. मग हे आणखी काय? आणि मुख्य प्रश्न असा की ह्यात माझा काय फायदा? की फायदा रेझिनवाल्याचा आणि खर्च तेवढा माझा?


देवगडकर

पोटापाण्याचं कामच हे आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

संमतीपत्र सांगतं की तुमचा धूर आणि सांडपाणी मर्यादेत आहे. १४००१ सांगतं की कारखान्यात पर्यावरणाची काहीतरी व्यवस्था आहे. तुमचं एक टन तेल बनताना कार्बन किती गेला, पाणी किती गेलं, ऊर्जा किती गेली, हे दोन्हींतून कळत नाही. ईपीडीत तेवढंच असतं. त्याचा पाया एलसीए, म्हणजे जीवनचक्र अभ्यास (आयएसओ १४०४० आणि १४०४४). तो जाहीर कसा करायचा ह्याचे नियम आयएसओ १४०२५ मध्ये, २००६ पासून. बांधकामात जाणाऱ्या मालाला वर युरोपचं ईएन १५८०४. शिवाय प्रत्येक प्रकारच्या मालासाठी हिशोबाची नियमावली वेगळी असते, तिला आमच्यात पीसीआर म्हणतात. अभ्यास झाला की त्रयस्थ पडताळणीकार तो तपासतो आणि मग कार्यक्रम चालवणारी संस्था तो प्रसिद्ध करते. जर्मनीत आयबीयू आहे, स्टॉकहोमची इंटरनॅशनल ईपीडी सिस्टम आहे, तिची आपल्याकडची शाखा ईपीडी इंडिया. कागद साधारण पाच वर्षं चालतो. मधल्या काळात एखादा आकडा दहा टक्क्यांपेक्षा जास्त बिघडला तर सुधारून द्यावा लागतो.

ईपीडी मिळालं म्हणजे माल 'हिरवा' ठरला असं मात्र नव्हे. दगडी कोळशावर चालणाऱ्या भट्टीलाही ईपीडी मिळतं. आकडे खरे असले म्हणजे झालं.

आता तुमचा फायदा. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे, 'सरसकट आकडा धरू'. नेदरलँड्समध्ये इमारतींचा पर्यावरणीय हिशोब राष्ट्रीय डेटाबेसवरून होतो. तिथे ज्या मालाची स्वतःची पडताळलेली माहिती नाही, त्याला सरसकट आकडा लागतो आणि त्यावर ३० टक्के अधिभार. फ्रान्समध्ये २०२२ पासून नव्या इमारतींसाठी आरई२०२० हा नियम लागू आहे. तिथेही घोषणापत्र नसलेल्या मालाला मुद्दाम चढे ठेवलेले आकडे बसतात. म्हणजे गप्प बसलात तरी तुमच्या नावावर एक आकडा चढतोच, आणि तो जास्तीचा असतो. तुमच्या रेझिनवाल्याला तिकडे हा दंड बसतो म्हणून तो तुमच्या दारात आलाय. उद्या दुसऱ्या तेलवाल्याने कागद दिला तर तुमची ऑर्डर कमी होईल आणि कारण तुम्हाला कोणी सांगणार नाही.


खवचट_खोत

आधी ९००१ आलं, मग १४००१, मग ४५००१, आता हे. दर वेळी सल्लागाराची गाडी बदलते आणि आमचा टेम्पो तोच राहतो.

साहेबाला युरोपात कागद हवा असेल तर साहेबाने पैसे द्यावेत. भाव पाडून मागायचा आणि वर घोषणापत्र फुकट?


पेणची_सून

खोत, राग समजू शकते. पण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, म्हणून सांगते. नवी मुंबईत हरित इमारतींच्या मानांकनाचं काम करते. लीड ह्या मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीत (२०१३) एक गुण ईपीडीसाठीच आहे. इमारतीत कायम बसणारी किमान वीस उत्पादनं, किमान पाच उत्पादकांची, घोषणापत्रासह दाखवायची. ज्या उत्पादनाचं स्वतःचं, बाहेरून पडताळलेलं ईपीडी आहे ते पूर्ण एक मोजतात. सगळ्या उद्योगाचं मिळून सरासरी ईपीडी असेल तर अर्धं.

आता माझ्या टेबलावर टाइल्सचे तीन कोटेशन आले, भावात उन्नीस-बीस. एकाकडे ईपीडी आहे. सांगा, मी कुठला पुढे पाठवेन? मला गुण मोजायचे असतात आणि मुदत तोंडावर असते. इतरांना मी नकार कळवतही नाही, ते यादीतून आपोआप गळतात. कंपन्यांना फायदा होतो तो बऱ्याचदा असा, न दिसणारा. मिळालेल्या ऑर्डरीवर 'ईपीडीमुळे' असा शिक्का नसतो.

दुसरं म्हणजे प्रश्नावल्या. मोठे ग्राहक दरवर्षी पुरवठादारांना एक्सेल पाठवतात, प्रत्येकाची वेगळी. सेबीच्या बीआरएसआरमुळे (कंपन्यांनी द्यायचा पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा अहवाल) आता आपल्याकडच्या मोठ्या लिस्टेड कंपन्याही पुरवठा साखळीबद्दल विचारू लागल्यात. ईपीडी असेल तर बहुतेक रकाने त्यातूनच भरता येतात, आणि 'हा आकडा कुठून आणला' हा फोन येत नाही, कारण तपासणाऱ्याचं नाव कागदावरच असतं.

टरफलवाले दादा, एक विचारते. टरफल तुम्ही विकत घेता की कारखानेवाले 'घेऊन जा बाबा' म्हणून देतात? ह्यावर तुमचा अर्धा हिशोब फिरणार आहे.


टरफलवाला (कुडाळ)

ताई, पूर्वी घेऊन जा म्हणायचे. आता किलोवर भाव लावतात, वर वजनात ओल घालतात.


आबा_वेंगुर्ले

ह्यां सगळां ठीक आसा. पण माझ्यासारख्या ल्हान धंदेवाल्यान करूचां काय? माझ्याकडे चार बायो आणि एक ड्रायर. माका कोण ईपीडी इचारतलो?


देवगडकर

आबा, तुमका आज कोण इचारूचो नाय. तुम्ही गर विकता, तो गिऱ्हाईक चव आणि आकार बघतो. पण तुमचं टरफल टरफलवाल्यांकडे जातं, म्हणून उद्या ते तुमच्याकडे येऊन विजेचं बिल मागतील. तेव्हा रागावू नका.

पेणच्या ताईंचा प्रश्न नेमका आहे, म्हणून इथे जरा थांबतो. काजू बी ही एक वस्तू, पण कारखान्यातून निघतात दोन: गर आणि टरफल. बागेतलं खत, बियांची वाहतूक, कुकरची वाफ, ड्रायरची वीज, हा सगळा भार दोघांत वाटायचा कसा?

आकडे समजण्यापुरते घ्या. १०० किलो बीतून २४ किलो गर निघाला, ७० किलो टरफल. बाकी ओल आणि साल. वजनावर वाटलं तर ९४ पैकी ७०, म्हणजे जवळजवळ ७४ टक्के भार टरफलाच्या डोक्यावर. आता भावावर वाटा. समजा गर ७०० रुपये किलो आणि टरफल १० रुपये. गराचे झाले १६,८००, टरफलाचे ७००. टरफलाच्या वाट्याला ४ टक्के.

कारखाना तोच, बी तीच. एका पद्धतीत तुमचं तेल काळंकुट्ट दिसतं, दुसऱ्यात धुतल्या तांदळासारखं. स्वतःच स्वतःचा हिशोब करणारा दुसरी पद्धत धरणार आणि ग्राहकाचा स्पर्धक पहिली धरून बोट दाखवणार. म्हणून नियमावली आधी ठरलेली असते. ईएन १५८०४ म्हणतं की सहउत्पादनांच्या उत्पन्नात मोठा फरक असेल, २५ टक्क्यांपेक्षा जास्त, तर भावावर वाटा. इथे फरक त्याच्या कितीतरी पलीकडचा आहे. पडताळणीकार भाव कुठून आणले तेही विचारतो, एका तेजीच्या महिन्यातले चालत नाहीत.

'पडताळणी झालेलं' ह्या शब्दांना पैसे पडतात ते ह्यासाठी. आकडा कोणीही काढेल. ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण कुठली पद्धत का धरली हे त्रयस्थाने मान्य केलेलं असलं की समोरचा वाद घालत नाही.


मिरजोळे_कट्टा

वाचनखूण साठवली. वाचतोय.


खवचट_खोत

छान. म्हणजे टरफलाचा भाव वाढला की टरफलवाल्याचा कार्बनही वाढणार. उद्या आबांनी १० चे १५ केले तर पृथ्वी जास्त तापेल?


देवगडकर

खोत, टोला बरोबर बसलाय. :) हो, पद्धतीची ती मर्यादा आहे आणि आमच्यातही त्यावरून भांडणं होतात. पृथ्वी तेवढीच तापते, फक्त गराच्या खात्यातून टरफलाच्या खात्यात थोडं सरकतं. म्हणून भाव काही वर्षांच्या सरासरीने घेतात.


कोलाड_यार्ड

वाहतुकीचं राहिलं. टँकर मुंबईला रस्त्याने जातो म्हणालात. एनएच ६६ वर गाडी किती तास अडकते आणि डिझेल किती जळतं ते इथे सगळ्यांना पाठ आहे, त्यावर वेगळा धागा काढा. पण कोकण रेल्वेची रो-रो १९९९ पासून कोलाड ते वेर्णा चालते, ट्रक चक्क वॅगनवर चढतात. २०२२ पासून मार्गाचं विद्युतीकरणही पूर्ण झालंय. ईपीडीत ह्याचा फरक दिसतो का?


देवगडकर

ईपीडीत मालाच्या प्रवासाच्या टप्प्यांना अक्षर-आकडे दिलेले असतात. तुमच्या गेटपासून ग्राहकापर्यंतची वाहतूक ए४ मध्ये येते. टरफल तुमच्याकडे येतं ती ए२. कच्चा माल ए१, तुमचा कारखाना ए३. फरक दिसतो, पण लोकांना वाटतो तेवढा नसतो. आफ्रिकेतली बी हे त्याचं उत्तम उदाहरण. आपल्याकडचे बरेच कारखाने आयव्हरी कोस्टहून बी आणतात. लोक म्हणतात, "बापरे, एवढ्या लांबून!" पण टनामागे किलोमीटरला जहाज ट्रकच्या साधारण दहाव्या हिश्शाने कार्बन सोडतं. बंदरातून कारखान्यापर्यंतचा घाटरस्ता कधीकधी समुद्रापेक्षा झोंबतो. खरा धोका वेगळाच आहे. ती बाग जंगल तोडून झाली असेल तर जमीन-वापर बदलाचा कार्बन वेगळ्या ओळीत दाखवावा लागतो, आणि तो भारी पडू शकतो. सिंधुदुर्गातल्या जुन्या कलमी बागेचं बी असेल तर ती ओळ तुमच्या बाजूने बोलते. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, पण त्यातून हे कळत नाही.


टरफलवाला (कुडाळ)

हे काहीतरी नवीनच कळलं. आणि आम्ही बॉयलरमध्ये आमचीच पेंड जाळतो, कोळसा नाही. शिवाय तेल झाडापासूनचं. मग आमचा आकडा उणे यायला हवा ना? रेझिनवाल्याच्या माणसाला तेच आवडेल.


देवगडकर

इथे सावध. तुमच्यासारखे नव्वद टक्के लोक ह्याच ठिकाणी खूश होतात.

झाडाने हवेतला कार्बन घेतला, तो तेलात आहे. ए१ मध्ये तो उणे दाखवतात, बरोबर. पण तेल कधीतरी जळणार किंवा कुजणार, तेव्हा तो परत हवेत जातो. तो शेवटच्या टप्प्यात, सी मध्ये, अधिक म्हणून येतो. बेरीज शून्याजवळ. ए१ ते ए३ एवढंच छापून 'आमचं तेल कार्बन खातं' असं म्हणायची पळवाट २०१९ च्या सुधारणेने, ज्याला ए२ म्हणतात (वरचा वाहतुकीचा ए२ नव्हे), बंद केली. फक्त गेटपर्यंतचा हिशोब द्यायची सवलत आहे, पण तिच्या अटींपैकी एक अशी की मालात जैविक कार्बन नको. तुमच्या तेलात तो भरपूर. म्हणजे बांधकामाच्या नियमावलीने गेलात तर सी आणि डी (माल संपल्यावरच्या पुनर्वापराचा वगैरे फायदा) दोन्ही द्यावे लागतील. रसायनांची नियमावली लावली तर चौकट वेगळी. कुठली लावायची हे आधी रेझिनवाल्याला लेखी विचारा. नाहीतर सगळं झाल्यावर तो म्हणेल, आम्हाला दुसरं हवं होतं.

जीवाश्म कार्बनची ओळ वेगळी असते, आणि ग्राहक आता तीच बघतात. तिथे तुम्ही खरोखर चांगले आहात. पेंड जाळता म्हणून ती ओळ खाली राहते. वर काय राहील? वीज. आपल्या जाळ्यातल्या विजेचा दर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे, केंद्रीय वीज प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. समजा वर्षाला एक लाख युनिट लागले तर ७० टन. आणि डिझेल, जनरेटरचं. पावसात वीज जाते तेव्हा ते किती जातं, कधी मोजलंय?


टरफलवाला (कुडाळ)

जनरेटरचं डिझेल बाबा वहीत लिहितात, पण टेम्पोचं आणि त्याचं एकत्र. वीजमीटर एकच, त्यावर एक्सपेलर, फिल्टर, ऑफिस आणि शेजारचं आमचंच पॅकिंग युनिट.


पेणची_सून

आमच्या ओळखीच्या एका रायगडातल्या कारखान्यात हेच झालं होतं. माल वेगळा, पण गोष्ट तीच. एलसीएसाठी म्हणून मीटर वेगळे लावले, तर रात्री माल नसताना कॉम्प्रेसर चालू राहतो आणि हवा गळतेय हे समोर आलं. पाईपचे जोड बदलले. ईपीडीचं गिऱ्हाईक यायच्या आधी वीजबिल उतरलं. मालक अजून सांगतो की कागदाचे पैसे त्यातूनच निघाले. ते थोडं वाढवून असेल, पण अगदीच खोटं नसावं.


खाडीवरचा

मी मासेमारीतला. एक विचारू? आमच्या खाडीच्या वर औद्योगिक वसाहत आहे. दर पावसाळ्याच्या सुरुवातीला कोणीतरी टाक्या रिकाम्या करतं, पाण्याला फेस येतो, वास येतो, शिंपल्या मरतात. त्यातल्या कारखान्यांनाही हे ईपीडी मिळतं का? आणि मिळत असेल तर आम्ही त्याचं काय करायचं?


देवगडकर

भाऊ, सरळ उत्तर देतो. मिळू शकतं. ईपीडीतले आकडे वर्षभराची सरासरी धरून, एका टन मालामागे काढलेले असतात. एका रात्री खाडीत काय सोडलं हे त्यात दिसत नाही. नोंदीतच नसेल तर हिशोबातही नसतं. शिवाय ईएन १५८०४ मध्ये माणसाला आणि पाण्यातल्या जिवांना होणाऱ्या विषबाधेचे निर्देशांक मुख्य यादीत नाहीत, जादाच्या यादीत आहेत. तुमची तक्रार एमपीसीबीकडेच जायला हवी. कोणी ईपीडी फडकवून 'आम्ही स्वच्छ' म्हणत असेल तर त्याला विचारा, ह्यात खाडी कुठल्या पानावर आहे.


खवचट_खोत

शेवटी माझ्या बाजूचं कोणीतरी बोललं.

टरफलवाल्यांच्या तेलाचंही तेच. टरफलातल्या तेलाने हात भाजतात. आमच्या गावच्या बायकांची बोटं काळी पडून सोलवटतात, सोलताना राखेत हात बुडवून बसतात. त्या बोटांचा रकाना आहे का तुमच्या घोषणापत्रात?


देवगडकर

नाही. कामगार, मजुरी, हातमोजे, काही नाही. त्यासाठी वेगळ्या तपासण्या आहेत. ईपीडी जे मोजतं तेच मोजतं.


पेणची_सून

आणि म्हणूनच मला ते बरं वाटतं, खोत. बाकीचे लोक पिशवीवर हिरवं पान छापतात आणि 'इकोफ्रेंडली' लिहितात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: दावा केलात तर पुरावा द्या. युरोपचा निर्देश २०२४/८२५ तर २७ सप्टेंबर २०२६ पासूनची तारीख घालून मोघम हिरव्या दाव्यांना आळा घालतो. रेझिनवाल्याच्या मार्केटिंगवाल्याला आता 'निसर्गातून आलेलं' एवढं लिहून भागणार नाही. त्याला आकडा हवाय आणि तो तुमच्याकडे आहे. भावाची बोलणी करताना हे लक्षात ठेवा, दादा. आजवर तुमच्या हातात एवढा पत्ता कधी नव्हता.


डोलवी_शिफ्ट

पोलादाच्या बाजूचा म्हणून दोन ओळी. आमच्याकडे लोक ईपीडी आणि सीबॅममध्ये गल्लत करतात. सीबॅम म्हणजे युरोपचा सीमेवरचा कार्बन आकार. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू. त्यात लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन, वीज. काजूचं तेल नाही, घाबरू नका. त्याची हिशोबाची पद्धतही वेगळी, ईपीडी देऊन सीबॅम सुटत नाही. पण जे मीटर, जी वजनं लागतात ती एकदा बसवली की दोन्हीकडे चालतात.

कॅलिफोर्नियात तर सरकारी कामाला सळई द्यायची तर त्या कारखान्याचंच ईपीडी लागतं आणि आकडा मर्यादेच्या आत हवा. २०१७ चा कायदा. म्हणजे काही ठिकाणी घोषणापत्र नुसतं दाखवायचं नसतं, त्यातला आकडा पासही व्हावा लागतो.

आणि इथलं वास्तव सांगू? स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेलं सिमेंट घ्या. आयएस ४५५ प्रमाणे त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग असू शकतो, तेवढं क्लिंकर कमी, म्हणजे चुनखडी भाजताना सुटणारा कार्बन कमी. खाऱ्या हवेत सळईला गंज लागायला वेळ लागतो, ते वेगळंच. किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याला ह्याहून काय हवं? पण रत्नागिरीच्या दुकानात गोणी घेताना कोणी ईपीडी विचारलंय असं मी अजून बघितलेलं नाही. 'लवकर सेट होतं का' एवढंच विचारतात.


चिरेबंदी

मग आमच्या जांभ्या चिऱ्याचं ईपीडी का काढत नाही कोणी? भाजायचा नाही, रंगवायचा नाही, खाणीतून कापला की भिंतीत.


पेणची_सून

काढलं तर आकडा सुंदर येईल, ह्यात शंका नाही. कटरचं डिझेल किंवा वीज आणि ट्रक, एवढंच. पण विचारणारा कोण? चिरा खाणीपासून फार लांब जात नाही, ज्या गावात जातो तिथे लीड नाही. ज्या मालाचा ग्राहक विचारत नाही त्याला हा खर्च सध्या पडवीतला झोपाळाच. आणि खाण संपल्यावर उरलेल्या खड्ड्याचं काय, हे लोकांनी विचारलं तर चिरेवाल्यांना ईपीडी पुरणार नाही.


टरफलवाला (कुडाळ)

सगळ्यांचे आभार. बाबांना रात्री वाचून दाखवलं. वाटणीचा हिशोब त्यांना फार आवडला. म्हणाले, "म्हणजे टरफल फुकट मिळायचं तेव्हा आपण अगदीच निष्पाप होतो!"

रेझिनवाल्याला लेखी विचारलंय: नियमावली कुठली हवी, आणि खर्चात वाटा उचलणार का. पहिल्याचं उत्तर आलं, बांधकामाची. दुसऱ्यावर 'वरिष्ठांशी बोलतो'. मी उलट कळवलंय की ईपीडीचा मालक मी राहणार, म्हणजे तोच कागद मला दुसऱ्या ग्राहकालाही देता आला पाहिजे.

देवगडकर, आता सुरुवात कुठून करू? सल्लागार लगेच सही मागतोय.


देवगडकर

मालकीचा मुद्दा उत्तम मांडलात, तो करारात घालाच. काही मोठे ग्राहक पुरवठादाराचा अभ्यास स्वतः करून देतात आणि आकडे स्वतःकडे ठेवतात. मग तुम्ही दुसऱ्या दारात मोकळ्या हाताने.

सही इतक्यात करू नका. अभ्यासाला सलग बारा महिन्यांची माहिती लागते आणि ती नसेल तर सल्लागार गृहीतकं धरतो. पडताळणीकार ती खोडतो आणि तुमचे महिने जातात. एक्सपेलर लाइनला वेगळा मीटर. जनरेटरचं डिझेल वेगळ्या पानावर. टरफल आलं की वजनकाट्याची पावती आणि ओलेचा टक्का, कारण आत १०० आलं आणि बाहेर तेल-पेंड मिळून ८८ गेलं तर पडताळणीकार पहिला प्रश्न विचारतो, उरलेलं १२ कुठे? ओल उडाली असं तोंडी सांगून चालत नाही. पेंड किती विकली आणि किती स्वतः जाळली तेही वेगळं हवं. टरफल कुठल्या कारखान्यातून आलं आणि तिथे बी इथलं की आफ्रिकेतलं, निदान टक्केवारीने. मार्च ते मे हंगाम आणि बाकीचे महिने ह्यात हे प्रमाण बदलतं, म्हणूनच वर्ष पूर्ण हवं.

तेवढ्यात रेझिनवाल्याला तात्पुरती, न पडताळलेली आकडेवारी द्या, पण वर तसं स्पष्ट लिहून. पाच-सहा तेलवाले एकत्र आलात तर उद्योगाचं सरासरी ईपीडीही निघतं, खर्च वाटला जातो. मात्र तुमची पेंडवाली भट्टी आणि दुसऱ्याचा फर्नेस ऑइलवाला बॉयलर एकाच सरासरीत जातील. तुमचा आकडा चांगला असण्याची शक्यता आहे, तेव्हा तुम्ही वेगळं काढलेलं बरं. मोजल्याशिवाय मात्र ठरवू नका.


खवचट_खोत

सल्लागार स्वतः म्हणतोय सही करू नका! धाग्याचे पैसे वसूल.


टरफलवाला (कुडाळ)

हे जमण्यासारखं आहे. वजनकाटा आहेच, ओल मोजायचं यंत्र घ्यावं लागेल. ओलेवरून कारखानेवाल्यांशी जो रोजचा वाद होतो तोही मिटेल बहुतेक.

आबा, तुमच्याकडचं वर्षाचं वीजबिल आणि बी कुठून आणता ते मिळेल का? नाव कुठे येणार नाही.


आबा_वेंगुर्ले

बिल देतंय. पण वजनात ओल घालतंत म्हणून वर माझ्यासारख्याकच बोललस मा? यंत्र हाडलस की पयलो माझ्या टरफलार लाव, मगे भावाचां बोलूया.


टरफलवाला (कुडाळ)

आबा, तुमका नाय बोललंय! सोमवारी येतंय. वेगळ्या मीटरसाठी कुडाळ-सावंतवाडीकडचा चांगला वायरमन कोणाला माहीत असेल तर व्यनि करा. आमचा गणपतीपर्यंत मोकळा नाही म्हणतो.